वैध कारणास्तव गैरहजर

१० एप्रिल २००४
उद्यापासून पहाटे साडेचारला उठणार. संध्याकाळच्या कॉम्प्युटर डिप्लोमाचा सी प्रोग्रामिंग हा एकच पेपर राहिलाय. अपेक्षाची दहावी नुकतीच संपली, म्हणून सुट्टीत तीच माझा अभ्यास घेते. पोरगी कडक आहे. पण खडकीच्या फॅक्टरीत बावीस वर्षं स्टोअर सांभाळणाऱ्याला हे काय अवघड?

११ एप्रिल
साडेसातला जाग आली. घड्याळ बदलायला हवं.

१४ एप्रिल
जयंती. विहारात सलग अठरा तास अभ्यास. अपेक्षा जागची हलली नाही. मी चहावाटपाची जबाबदारी घेतली. कुणीतरी घ्यायलाच हवी ना. बाबासाहेबांच्या फोटोकडे बघायचं मात्र टाळलं.

२४ एप्रिल, दुपारी ४
पेपर अकराला होता. गेटपर्यंत गेलो, खोटं कशाला लिहू? सगळी विशीतली पोरं. एकाने विचारलं, काका, मुलाला सोडायला आलात का? म्हटलं, हो. मग खडकी स्टेशनच्या बाकावर तीन तास बसलो. घरी सांगितलं, पेपर सोपा गेला. कल्याणीने नवऱ्याच्या कौतुकात शिरा केला होता. दोनदा घेतला. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता.

२६ एप्रिल
नियमपुस्तिका पाठ झाली. इतका अभ्यास आधी केला असता तर... असो. आजारपणामुळे गैरहजर असल्यास फेरपरीक्षा मिळते, सात दिवसांत सर्टिफिकेट द्यायचं. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? म्हटलं, अपराधी वाटतंय. त्यांनी रोज चालायला सांगितलं.

२७ एप्रिल
सापडलं! अनुभव असेल तर विषयातून सूट मिळते. परीक्षा विभागाच्या जयाताईंनी विचारलं, विषय येतो का? म्हटलं, येतो की. म्हणाल्या, मग पेपरला बसायला काय झालं होतं? खिडकीत बसून माणसाचा असा अपमान करतात.

३० एप्रिल
प्रॅक्टिकलमध्ये वीसपैकी सतरा आहेत. नुसत्या तेवढ्यावर ग्रेड निघते का, तीन वेळा गणित केलं. निघत नाही. अपेक्षा शेजारी सांगून आलीय, बाबा फर्स्ट क्लासमध्ये येणार. उद्या तिला सगळं खरं सांगणार. नक्की.

१ मे
महाराष्ट्र दिन. सुट्टीच्या दिवशी कशाला कुणाचा मूड घालवा!

५ जून
निकाल पोस्टाने आला. मी ड्युटीवर, पाकीट अपेक्षाने फोडलं. सी प्रोग्रामिंग: गैरहजर. घरी आल्यावर म्हटलं, छपाईची चूक असेल. तिने कागद माझ्यापुढे धरला. मग सगळं सांगून टाकलं. कल्याणी म्हणाली, अहो, शिरा तरी खायचा नव्हता. अपेक्षाने निकालाची घडी करून तो पाकिटात परत ठेवला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

८ जून
पुढच्या परीक्षेचा फॉर्म अपेक्षाने स्वतः आणला, स्वतः भरला. खाली 'पालकाची सही' असा रकाना. म्हटलं, मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, तो रिकामा सोड.

तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तिथे स्वतःची सही केली.