जाडे ओट्स आणि विमलची साखर

६ जानेवारी, मंगळवार
डॉ. काल स्पष्ट बोलले. विमलच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद. बायपास करावीच लागेल, पण "सुगर उतरे पछी ज", साखर उतरल्यावरच. तोवर हात लावणार नाहीत, आणि फार दिवस काढू नका असंही म्हणाले. भात, मैदा, गोड बंद. सकाळी ओट्स. महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचं.

नाशिकहून आमच्या लेकीनं, रेखानं, जाड्या ओट्सची पाकिटं पाठवली आहेत. दिसायला तांदळाची कणी, रंग मळकट. वाटीला दोन वाट्या पाणी घातलं. खाली करपले, वर कच्चे. वि.नं दोन घास खाऊन ताटली सरकवली. आठला पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या मिलवर. रंगाच्या वाफेतही दिवसभर करपल्याचा वास नाकात.

९ जानेवारी, शुक्रवार
रात्री भिजवायचे, सकाळी एकाला चार पाणी, मंद गॅस, अर्धा तास ढवळत राहायचं. रेखानं फोनवर सांगितलं. आज शिजले. चव मात्र शून्य. दालचिनी नि सफरचंद घाला म्हणाली, तेही घातलं. वि. म्हणाली, "हाई ते आजारी मानूसनं जेवन शे." मग तू कोण आहेस, म्हणणार होतो.

१४ जानेवारी, बुधवार
उत्तरायण. मिल बंद. आमची सगळी लिंबायत वस्ती पतंग उडवायला गच्चीवर, आम्ही दोघं खाली. आज लसूण-जिऱ्याची फोडणी दिली, मेथी चिरून टाकली, चमचाभर आपला काळा मसाला, वरून लिंबू. मीठ नावाला. वि.नं बाजेवरून सांगितलं, मसाला तेलात जाळू नका, पाण्यात कालवून घाला. तसं केलं. वाटी संपवली तिनं. बत्तीस वर्षांच्या संसारात मी रांधलेलं पहिल्यांदाच.

समोरच्या मंगलाबाई तिळाचे लाडू घेऊन आल्या. दारातूनच परत पाठवलं. दुखावल्या बिचाऱ्या. इलाज नाही.

२४ जानेवारी, शनिवार
आता रोज साडेपाचला उठतो. कधी शेवग्याची पानं, कधी दुधी किसून, कधी नुसतं ताक नि ठेचलेला लसूण. वि. बाजेवर बसून हुकूम सोडते, मी ढवळतो. वाटी रोज साफ. पण मोरीपर्यंत जाऊन आली की भिंतीला धरून उभी राहते. नखं निळसर दिसतात. मला वाटतं, की उजेडच तसा…

५ फेब्रुवारी, गुरुवार
साखर उतरली नाही. आधीपेक्षा वाढली. डॉ.नी चष्मा काढून विचारलं, "काका, घरे शुं खवडावो छो?" घरी काय खायला देतो ते मी सगळं सांगितलं, पाण्याचं मापसुद्धा. गोळ्या वाढवल्या. ऑपरेशन पुढे ढकललं.

रिक्षात वि. बाहेर बघत होती. मला वाटलं रडते आहे. माझंच काहीतरी चुकत असणार. उद्यापासून वाटी अर्धी.

१० फेब्रुवारी, मंगळवार
बॉयलर बिघडला म्हणून दुपारीच सोडलं. घरी आलो तर दार नुसतं लोटलेलं. वि. ओट्याशी जमिनीवर बसलेली. समोर गुळाचा खडा. फोडून तोंडात टाकत होती नि वरून पाणी पीत होती. चवीनं नाही. औषध घेतात तसं, डोळे मिटून. हिला गोड कधी आवडलं नाही. पुरणपोळीसुद्धा अर्धीच खायची.

मला बघून लपवलं नाही. किती दिवस, विचारलं. म्हणाली, पहिल्यापासून. ज्वारीच्या डब्यात ठेवायची.

मग म्हणाली, "शांताबी साखर उतारीसन गयती. परत उनी नही."

शांता तिची धाकटी बहीण. तीन वर्षांपूर्वी धुळ्याला साखर उतरल्यावर ऑप.ला आत नेली, ती तिथंच गेली. तेव्हा वि. दवाखान्याबाहेर तिच्या चपला धरून बसली होती.

मग मी रोज पहाटे उठून काय करत होतो, असं विचारलं. आवाज चढला माझा. ती खाली बघत बोलली, "सकायले तुमी माले इचारी इचारी रांधतस. तेवढंच बरं वाटस."

तिथून उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

११ फेब्रुवारी, बुधवार
तरी सकाळी ओट्स केले. वाटी पुन्हा भरून दिली. रेखाला सांगितलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
सुट्टी. बसून बोललो. ऑप. केलं नाही तर काय होईल, डॉ. म्हणाले होते ते सगळं तिला सांगितलं. यापूर्वी अर्धंच सांगितलं होतं, तीही माझी चूक. म्हटलं, मी तुला बांधून नेणार नाही. ती बराच वेळ पायाचा अंगठा चोळत बसली. "तुमी सांगा, तसं करसू."

हे तिनं माझ्यावर टाकायला नको होतं. करू या, असं म्हटलं. म्हणताना तिच्याकडे बघितलं नाही.

उरलेला गूळ तिनं स्वतःच मंगलाबाईंना देऊन टाकला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
नेमानं चाललंय. आता चव मागत नाही. मसाला कमी पडला तरी सांगत नाही. समोर ठेवलं की खाते.

परवा तिनं ट्रंक उघडून रेखासाठी दोन साड्या वेगळ्या काढल्या.

४ मार्च, बुधवार
मिलवरून येताना लॅबमधून रिपोर्ट घेतला. उतरली साखर. डॉ.नी सांगितलं होतं त्याच्याही खाली. लॅबवाला पोरगा हसून म्हणाला, काका, मस्त कंट्रोल. रिपोर्ट घडी करून खिशात घातला आणि रिक्षा न करता चालत आलो.

वि.नं विचारलं. उद्या मिळेल म्हटलं. ती हं म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका मोकळा झाला की…

५ मार्च, गुरुवार
आज मिलवर गेलो नाही. रेखाचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. जेवणानंतर वि. झोपली होती तेव्हा तिचा श्वास मोजत बसलो. मधेच अडकतो, मग सुटतो.

रिपोर्ट अजून खिशात. डॉ. सातपर्यंत बसतात, रिक्षानं दहा मिनिटं. वि. दाराशी बसून मेथी निवडते आहे, मंगलाबाईंशी काहीतरी बोलते आहे. साडेसहा झाले.