आव्हाडांचं काम

प्रिय शालू,

केळव्याचं घर रंगवून झालं. मांडव सुपारीच्या वाडीतच घालायचं ठरलंय, आणि रविवारी समुद्रावर येणाऱ्यांच्या गाड्या दारात लागू नयेत म्हणून तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी आत्तापासूनच दोरी बांधून ठेवलीय. चिरागने तुझा क्षयाच्या जंतूंवरचा नवा पेपर मला पाठवला. शेवटची दोन पानं पुन्हा वाचावी लागली, पण कळला. बाहेरच्या दोन संशोधकांनी त्याचा संदर्भही घेतलाय, असं तो सांगत होता, जणू प्रयोगशाळेत जागरणं त्यानेच केली.

मीही एके काळी याच वाटेने गेलेय, हे त्याने तुला सांगितलं की नाही कोण जाणे. मी माहेरची रूपाली झुंबर आव्हाड. वडील नगरकडून तारापूरला कारखान्यात आले, मी बोईसरला वाढले, मुंबईत शिकले. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून सिकलसेल ओळखायची स्वस्त पद्धत, यावर माझे तीन पेपर आले. नमुने आपल्याच पालघर-डहाणूच्या पाड्यांतले, पायपीट करून गोळा केलेले. मग लग्न झालं. माझ्या नणंदेचंही नाव रूपाली. सासूबाई म्हणाल्या, "एका घरात दोन रूपाली नाय चालत. हाक मारली तं दोगी धावतील." ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने 'वर्षाराणी' लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला. नाव गोड होतं, तक्रार कसली करायची? नणंद त्याच वर्षी लग्न होऊन एडवणला गेली, आणि घरात एकही रूपाली उरली नाही.

पुढचे सगळे पेपर वर्षाराणी राऊतचे. बरे होते, पण पहिल्या तिघांची सर त्यांना नव्हती. ते तिघे मात्र माझ्याशिवाय चांगले वाढले. देशोदेशीचे लोक त्यांचे संदर्भ देत राहिले. चिराग कॉलेजात असताना मी वरिष्ठ शास्त्रज्ञाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. अर्जात सगळे पेपर लिहिले होते, नाव बदलल्याचं राजपत्रही जोडलं होतं. पण कार्यालयाने संगणकात आत्ताचं नाव घालून जे निघालं तेवढंच धरलं, आणि जुने तीन दुसऱ्या कुणाचे म्हणून वगळले. समितीतले एक गृहस्थ फार सौम्यपणे म्हणाले, "तुमचं काम जरा तोकडं वाटतं. याच विषयात आव्हाड म्हणून कुणीतरी उत्तम काम केलंय. वाचलंय का तुम्ही?"

मी म्हटलं, "हो, वाचलंय."

एका वाक्याचं काम होतं, शालू. ते वाक्य आलं नाही. राग आला नाही, रडूही आलं नाही. घरी येऊन भात लावला. वाटलं, आत्ता बधिर झालेय, उद्या-परवा दुखेल. ते अजून दुखायचंय. नंतर बोईसरच्या एका खासगी लॅबमध्ये लागले, तिथे इतरांच्या रक्ताच्या रिपोर्टवर सही करते. आता म्हणे इंटरनेटवर दोन्ही नावांचे पेपर एकाखाली जोडता येतात. चिरागने मला जोडूनही दिले. संदर्भांचा आकडा चांगला भला मोठा झाला. मी तो पाहिला आणि मेथी निवडायला बसले. अर्ज करायचं वय तोवर उलटून गेलं होतं.

गेल्या रविवारी आम्ही सगळे केळव्याला होतो. सासूबाईंनी तुझ्यासाठी नाव काढलंय, इंदुमती. या घरातली रीत आहे म्हणाल्या. चिराग हसून म्हणाला, "चालेल." तुला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही, आणि त्याला मीच वाढवलंय. ताटात तांदूळ घेणं सासूचं काम, म्हणजे माझं. नको म्हणावं असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी विचारलं, चहा कोण कोण घेणार? म्हणून हे लिहितेय. त्या दिवशी मी तुझ्या शेजारीच उभी असेन, पण माझ्या तोंडून शब्द निघेल असं मला वाटत नाही. माझ्या भरवशावर राहू नकोस. आजच चिरागला फोन कर आणि नाव बदलायला तुझी तू नाही म्हण.

तुझीच होणारी सासू,
वर्षाराणी