चष्मा लावलेला टाक

१७ सप्टेंबर, बुधवार
पन्नाशीनंतर माणसं एकतर गुडघे बदलतात, नाहीतर पूर्वज शोधायला निघतात. माझे गुडघे अजून ठीक आहेत. आजोबांनी सोडलेल्या, विट्यापुढच्या गावात दुपारी पोचलो. चुलतभाऊ धनाजी, त्याची बायको मंगल, आई तानुकाकी. एकालाही पूर्वी पाहिलेलं नाही. दारात नाव सांगितलं. "आलासा व्हय," एवढंच काकी म्हणाली. मंगलनं पायांवर पाणी घातलं. खीर, वडे, आमटी; पहिलं पान मला, आणि मी हात धुईपर्यंत कुणी घासाला शिवलं नाही. पुण्यात मला एवढा मान घरचं कुत्रंही देत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार
वंशावळ विचारली, तर धनाजीनं देव्हाराच उघडला. आमच्यात माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती ठोकून देवात बसवतात. तो टाक. एकेक टाक हातात घेऊन त्यानं पिढ्या म्हणून दाखवल्या. ढालतलवारवाले, घोड्यावरचे, फेटेवाले. शेवटच्या टाकाला चष्मा होता, हुबेहूब माझा.
मी कोरोनात गेल्याचं यांच्या कानावर आलं होतं म्हणे. चांदी आणली, सोनार गाठला, पण पुण्याला एक फोन लावायचं कुणाला सुचलं नाही! पोट धरून हसलो. एकटाच. अहो, मी जिवंत आहे, म्हटलं. पयल्यांदा समदीच तसं म्हंत्यात, काकी मायेनं म्हणाली. पितरं पक्षात येत्यातच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
निघालो. हात केला तरी एसटी थांबली नाही; ड्रायव्हर माझ्यातून पलीकडचा ऊस बघत होता. चालत शिवेपर्यंत गेलो. पुढचं पाऊल टाकलं ते देवघराच्या उंबऱ्यात पडलं. परत गेलो. परत उंबरा. फोनवर संयोगिता नुसती हॅलो, हॅलो. लग्नापासून तिनं माझं ऐकलेलं नाही, पण आज तिला ऐकूच येत नव्हतं.
मंगल म्हणाली, टाक हाय तवर पितर शीव वलांडत न्हाई. मग वितळवा तो, मी ओरडलो. धनाजी गलाईवाला, चांदी वितळवायची भट्टी परसातच आहे. पितराचा शबुद मोडायचा न्हाई, म्हणाला. अमावस्या होऊ दे, सोमवारी वितळवतो.
हुश्श. सोमवारी सुटका.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री
सोप्यात एकटा बसलो होतो. डोक्यावरून एकदम गार पाणी. मग डोळ्यांत आंबट आग – तोंडावर कुणीतरी चिंच घासतंय – आसपास कुणीच नाही.
आत मंगल टाक घासत होती. माझा.
म्हणजे भट्टीतही –
धनाजीला थांबवायला धावलो. त्यानं छपराच्या पत्र्यावर पान ठेवलं होतं, कावळा शिवला होता. पक्ष सरला, काकी हात जोडून म्हणाली, आलं तसं गेलं बिचारं.
मी तिच्या पुढ्यात उभा राहून किंचाळत होतो.

२२, सोमवार
धनाजीनं टाक कपाळाला लावला. दादा, तुमचा शबुद, म्हणाला. हिसकावायला गेलो – बोटं आरपार –
भात्याचा आवाज. मूस लाल झाली असणार.
तळवे तापलेत. बोटांची टोकं मऊ –
धनाजी, गड्या, न्हाई जात मी. हितंच ऱ्हातो. देवात, गप, कायमचा. फक्त त्यो चिमटा मागं घे, मा