एकवीस जुलैची भिंत

मी, सुलेखा निशिकांत देवस्थळी, वय सत्त्याहत्तर, राहणार क्वीन्सटाउन, सिंगापूर, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे लिहून ठेवते. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. आमच्या घरात तो फक्त माझ्याकडेच आहे. यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द समजावीत. याची इंग्रजी प्रत आणि अंमलबजावणी वकील विनीता करेल.

१. हा फ्लॅट विकून येईल ते चिरंजीव अंकुर याला. त्याला कॉन्डोतला ओटा पुन्हा बदलायचा आहे. आईच्या मरणाचा तेवढा तरी उपयोग व्हावा.

२. पाटल्या सूनबाई क्षिप्रा हिला. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून तिने माझ्या हॉलच्या भिंतीवरच्या सगळ्या जुन्या फोटोंना चंदनाचे हार घातले. जुना फोटो म्हणजे गेलेला माणूस, हे आपलं शास्त्र. त्यातल्या एका फोटोत आमची शेजारीण रोकिया लहानपणी भावाजवळ उभी आहे. ती फराळाला आली, हाराकडे बघत राहिली आणि म्हणाली, “सुलेखा, मी मेले? मला कोणी कळवलं नाही.” मग तिने चकली उचलली.

३. ती भिंत कसली, हे अंकुरने कधी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते. नात अवनी लहान असताना एका एकवीस जुलैला नऊवारी नेसून, नथ घालून लिफ्टमध्ये उभी होती. रोकियाने विचारलं, आज कुठला सण?

“रेशियल हार्मनी डे लाह, आंटी! एव्हरीबडी मस्ट वेअर कॉस्च्यूम!”

रोकिया म्हणाली, “माझा भाऊपण याच दिवशी नवे कपडे घालून गेला होता.”

१९६४ साली, पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत. मलाय आणि चिनी लोकांत दंगल पेटली आणि युसुफ घरी आला नाही. त्या दंगलीची आठवण म्हणून आता शाळांत हा सलोख्याचा दिवस पाळतात. अवनीने येताना तिथे वाटलेला खाऊ आणला. तो का वाटला, हे तिला सांगता आलं नाही.

४. मग मी त्या दंगलीत मेलेल्यांच्या घरी जाऊन फोटो मागू लागले. मलाय घरात विचारत, “चिन्यांच्या शेजारी लावणार?” चिनी घरात विचारत, “मलायांच्या शेजारी?” एवढं एकमत मी कुठल्या सोहळ्यात पाहिलं नाही. सगळे एकाच भिंतीवर लावले. इथल्या एका मंडळाने प्रदर्शन भरवायची तयारी दाखवली. अट एवढीच, की कोण कसं मेलं ते लिहायचं नाही. खाली ‘आनंदी शेजारी’ लिहू म्हणाले. मला फार राग आला. तरी चहा पिऊन आले, कारण चहा चांगला होता.

५. हे फोटो अवनीला. आता ती वन-नॉर्थ भागात नोकरी करते, आणि आमच्यात सगळ्यांची नावं विचारणारी ती एकटीच. तिने ते वेगवेगळ्या भिंतींवर लावू नयेत. पण तिच्यामागे कोण? विनीता सांगते, मृत्युपत्र कोर्टात दाखल होतं आणि तिथे ते जपतात. भिंतीला अंकुर रंग देऊ शकतो, कोर्टाच्या कागदाला नाही. म्हणून नावं इथेच घालते:

युसुफ बिन सलीम, शाळकरी.
लिम बून हॉक, सायकलरिक्षा चालवायचा.
राहीमा बिन्ती दाऊद, दारात उभी होती.
क्वेक आह मोय, मुलाला शोधायला निघाली होती.

विनीता म्हणाली, “काकू, यांना तुम्ही काहीच देत नाही आहात. मग मृत्युपत्रात कशाला?”

“लिही,” मी म्हटलं. “यांना स्वतःचं करायला कोणी वेळ दिला नाही.”

६. रोकियाला काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला वारसा घेता येत नाही, आणि मला तिची सही हवी आहे.

ठिकाण: क्वीन्सटाउन, सिंगापूर
दिनांक: ४ ऑगस्ट २०२५
सही: सुलेखा नि. देवस्थळी

आमच्यासमक्ष सही झाली:
१. शिरीष केळकर, वरच्या मजल्यावरचे
२. रोकिया बिन्ती सलीम, (‘शेजारीण’ खोडून स्वहस्ते) युसुफची बहीण

वरील खाडाखोड मला मान्य आहे. सु. नि. दे.