किल्ली लासलगावला

मखमलाबाद, बुधवार

ती. सुवर्णाताईंना भावजयीचा वाकून नमस्कार.

पत्र पाहून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी प्या, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? दाजींचा कांदा विकला की अजून चाळीतच? हे पत्र भिकाभाऊंच्या टेम्पोबरोबर पाठवते आहे. फोन केला असता, पण आपल्या घरात फोनवर बोलणं म्हणजे ओट्यावर उभं राहून भाषण करणं. मेसेज करावा, तर माझा मोबाईल कायम आमच्या चिरंजीवांच्या, साईच्या हातात, आणि आलेला प्रत्येक मेसेज तो शाळेतल्या प्रार्थनेसारखा मोठ्याने म्हणतो. मेल करावा, तर तुमचा पत्ता तोच आणि आमचाही तोच. मीच लिहायचं, मलाच यायचं, आणि सकाळी तुमच्या वडिलांनी, नानांनी, ते पुसून टाकायचं.

त्या मेलपायीच जीव टांगणीला लागला आहे. तुम्ही कॉलेजात असताना गॅसच्या नंबरासाठी नानांच्या नावाने तो काढलात, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाने तो मिळेल तिथे दिला. पुढे शेताची वाटणी झाली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, धाकट्या भावजींची चूल वेगळी झाली. मेल तेवढा एकत्र कुटुंबात राहिला. त्यात भावजींच्या ट्रॅक्टरचे, ह्यांच्या विम्याचे, तुमच्या साड्यांचे असे मेल येऊन पडतात, आणि नाना चहा झाला की चष्मा लावून अंगण झाडल्यासारखे ते झाडून काढतात. (पतसंस्थेच्या सभेत कोणीतरी सांगितलं, अनोळखी मेल म्हणजे लबाडी. आणि नानांना इंग्रजी सगळंच अनोळखी.)

आता माझं सांगते. गंगापूर धरणाकडे एक नवं रिसॉर्ट झालंय, तिथे लग्नं लागतात. आपल्या गुलाबाचे अन् निशिगंधाचे हार मी नमुन्याला नेले. मॅनेजर मॅडमनी ते उलटसुलट करून पाहिले (गाठी मी मुद्दाम आतल्या बाजूने मारल्या होत्या) आणि म्हणाल्या, सीझनभराचं काम द्यायचं का ते मेलवर कळवते, शुक्रवारपर्यंत तुमचं हो आलं नाही तर दुसऱ्याला देऊ. त्यांनी पत्ता विचारला आणि माझ्या तोंडून घरचाच गेला. गल्लीतल्या बायका सुईदोरा घेऊन तयार बसल्यात. ताई, हे काम मला हवंय. ह्यांच्या नावाचं नाही, नानांच्या नावाचं नाही, माझ्या. तेव्हापासून मी तव्यावर पोळी टाकून मेलची कचरापेटी धुंडाळते, आणि घर करपलेल्या पोळ्या खातंय.

म्हणून मेलच्या दुसऱ्या कंपनीत स्वतःचा पत्ता काढला. सविता हे नाव तिथे आधीच कितीतरी जणींनी अडवलेलं. मशीन म्हणे, नावापुढे ८८४१ चालेल का? मी काय तुरुंगात आहे? शेवटी सविता, फुलं आणि मखमलाबाद एकत्र जोडलं, तर पत्ता इतका लांब झाला की सांगून संपेपर्यंत हार सुकेल. मॅडमना फोन करून तो कळवला. त्या "हो हो, लिहून घेते" म्हणाल्या, पण मला काही लिहिल्यासारखं वाटलं नाही. जुन्या पत्त्यावर येईल ते आपोआप नव्यावर पाठवायची सोय असते, पण तिला जुना पासवर्ड लागतो, आणि तो घरात कोणालाच ठाऊक नाही. नानांची जन्मतारीख झाली, सासूबाईंचं नाव झालं, मेलेल्या म्हशीचंही झालं. मग "पासवर्ड विसरलात?" दाबलं, तर म्हणे कोड पाठवलाय, शेवटी ४७ असलेल्या नंबरावर. चार्जिंगला लावते असं सांगून घरातले सगळे मोबाईल तपासले. ४७ कोणाचाच नाही. मग लासलगाव आठवलं, ४७ तुमचाच. लेक दिली, भांडीकुंडी दिली, आणि बरोबर घराची किल्लीही दिली, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

त्याबरोबर बाकीचंही उलगडलं. मी मोबाईलवरून गाऊन मागवला, तर दुसऱ्याच दिवशी तुमचा फोन, "मरून नको घेऊ, तुला नाय खुलत तो रंग." सासूबाईंनीच चुगली केली समजून मी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. (तो त्यांच्या लक्षात आला नाही, हे दुःख वेगळंच.)

असो. दाजींना नमस्कार सांगा, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
सविता

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. मी पुन्हा कोड मागवेन, तो मला एकटीलाच कळवा. कसा, ते तुम्हीच ठरवा, तुम्ही हुशार आहात. नानांना कळता कामा नये. भावजींची चूल वेगळी झाली तेव्हा नाना कितीतरी दिवस नीट जेवले नव्हते. आता सुनेने मेलही वेगळा काढला म्हटल्यावर मला त्यांच्या ताटाकडे बघवणार नाही.

आणखी ता. क. लिफाफ्याला डिंक लावत होते, तेवढ्यात ओट्यावरून साईचा खणखणीत आवाज. तुमचा मेसेज वाचत होता. "काय चाललंय गं सविता? कालपासून कोडच कोड येऊ राहिले. रिसॉर्टवालीचा मेल सकाळीच आला होता, नानांनी टाकला कचऱ्यात. मी काढला अन् तुझ्या वतीनं हो कळवून टाकलं. आता परत कोड मागव, मी फोन हातातच धरून बसले. अन् गुलाब कमी पडू देऊ नको." सगळ्या घराने ऐकलं. मला आधी रडू आलं आणि मग राग आला, कारण माझं पहिलं हो तुम्ही म्हणून टाकलंत. नानांनी चष्मा पुसून परत नाकावर चढवला. मग म्हणाले, "काढ वेगळा. पण सकाळी झाडायला मलाच देशील ना?"

शेवटचा ता. क. कोड मिळाला, मेल वेगळा झाला. तेवढ्यात नव्या पत्त्याने विचारलं, पासवर्ड विसरलात तर कोणत्या नंबरावर कळवायचं? पत्रभर तुम्हाला जे जे बोलले ते सगळं आठवत मी आकडे टाकत गेले, आणि ४७ वर येऊन थांबले. किल्ली राहू द्या लासलगावलाच. गाऊन मात्र यापुढे मी पंचवटीतल्या दुकानातून, रोखीने आणणार.