अस्तरावरचं हळदीचं बोट

धुळे, भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थरूप मायच्या पायी अभिमनचा दंडवत.

मी खुशाल आहे. खानावळीत तू सांगतेस तसं ताटातलं बठ्ठं संपवतो.

कोट घेतला. राखाडी, उघड्या गळ्याचा, सध्याच्या चालीचा. शाळेत मुलं वळून बघत होती!

आता रागावू नकोस. नवा परवडेना, म्हणून जुन्या कपड्यांच्या बाजारातून घेतला. दुसऱ्याच्या अंगावरचं घालू नये असं तूच सांगतेस, ठाऊक आहे.

शाळेतून आल्यावर कॉलरखाली पांढऱ्या अस्तराला पिवळा डाग दिसला. साबण लावला तर लालभडक झाला, तेव्हा कळलं की हळद आहे. नव्या कपड्याला तू लावतेस तसं कुणाच्या तरी मायनं बोट लावलं होतं. मी घासायचा थांबलो. त्या मुलाचं काय झालं असेल, हे मनातून जात नाही. तेव्हापासून कोट खुंटीलाच आहे.

ताईबाई हे वाचून दाखवेल, तेव्हा नाना ओट्यावर असले तर हळू वाच म्हणावं, जुन्या कोटाचं त्यांच्या कानी नको. तिचा खोकला गेला का?

दिवाळीला कोट घेऊन येतो. त्या माउलीचं बोट राहू दे. शेजारी तुझं लाव, मग घालीन.

तुझा
अभिमन