न पडलेला पाऊस

प्रिय खुशाल,

‘प्रिय’ लिहिलं आणि बोरू खाली ठेवला. दुसरा शब्द शोधत बसलो, पण पंतोजींच्या हाताखाली आपण दोघं मोडी गिरवायला लागलो तेव्हापासून तुला याच शब्दानं लिहीत आलो आहे. हाताला दुसरं येत नाही, म्हणून तो राहू देतो. त्याचा अर्थ आता पूर्वीचा नाही, एवढं समजून पुढे वाच.

गावात गव्हाची खळी आटोपली. ऊन चढलं आहे, दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो आणि धाब्यावरच्या बांबूला वारा कळावा म्हणून बांधलेली चिंधी सारखी फडफडते. नांदगावच्या वाटेवरचा पळस झडला. तुझ्या घरामागची विहीर यंदा लवकर उतरली, म्हणून बाया पाण्याला नदीतल्या झिऱ्यावर जातात. मी अजूनही सकाळी उठून पाऱ्याच्या नळीसमोर उभा राहतो, वारा पाहतो, दव पाहतो आणि लिहून ठेवतो. सवय आहे म्हणून करतो. पूर्वी आनंदानं करत होतो.

ती नळी आपण कशी आणली, आठवतं? अमरावतीच्या कॅम्पात विलायतेला निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव होता. लोक खुर्च्या आणि आरसे घेत होते, आणि तू भिंतीला टेकवलेल्या त्या नळीपाशी जाऊन बसलास. बाजूला पाऊस मोजायचं पत्र्याचं भांडं पडलं होतं. ही दोन्ही कशासाठी असतात हे तिथं कोणाला माहीत नव्हतं. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरानं आपल्याला समजावलं: पारा चढला की आभाळ निवळतं, झपाट्यानं उतरला की वादळपाणी जवळ आलं समजा. त्यावर तू म्हणालास, “जान्या, हे आपल्या गावात असलं पाह्यजे. जोशाले विचारायची पाळीच येनार नाही.” परतताना बैलगाडीत नळी वाकळीत गुंडाळून तू मांडीवर धरली होतीस. चाक दगडावर गेलं की तू ‘हळू, हळू’ ओरडायचास, आणि गाडीवान म्हणाला, “बाळंतीन नेऊन राहिले का बे?” हसता हसता आपण गाडीतून पडता पडता राहिलो होतो.

नळी माझ्या घरी टांगली, कारण आमची भिंत पक्की होती. पण ती दोघांची होती. उतरता-चढता पारा कळावा म्हणून भिंतीवर काजळाच्या रेघा तूच ओढल्यास. पहिल्या पावसाळ्यात आपले अंदाज इतके चुकले की माझी पार्बता म्हणाली, या नळीपेक्षा आमच्या घरच्या मुंग्या बऱ्या. हळूहळू आपल्याला कळत गेलं. नुसता पारा पाहून भागत नाही, वाऱ्याचं तोंडही पाहावं लागतं. आपल्याकडे पाऊस गावाच्या एका शिवारात पडतो आणि दुसरं कोरडं राहतं. गावही शिकलं. पुंजाराम पाटलासारखा माणूस पेरणीच्या आधी दारात येऊन विचारू लागला, “काय म्हन्ते तुमची नळी?”

मग परदेशात कुठे तरी लढाई लागली म्हणे आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्वारीची वावरं कापसाखाली गेली. तू अकोल्याला पेढीवर दलालीला गेलास. मला वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. त्याच वर्षी दिवाळीनंतर पारा असा कोसळला की मी पारावर जाऊन ओरडलो, बोंड फुटलं आहे, असेल तेवढं वेचून घरात आणा. सारं गाव वावरात उतरलं, म्हातारी माणसंसुद्धा. दुसऱ्या दिवशी गारा पडल्या. शेजारच्या गावांचा कापूस चिखलात लोळला आणि आपला घरात होता. तुला मी ते सगळं कळवलं. तुझं उत्तर आलं होतं, “जान्या, आता तुह्या शब्दावर गाव झोपते आन् तुह्या शब्दावर उठते.” हे वाचून मी किती फुगलो होतो! तू ते वाक्य लिहिताना काय विचार करत होतास, हे आज कळतं.

गेल्या कार्तिकात मी बैलजोडीसाठी कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलो. मी तिकडे गेलो आणि तू इकडे आलास. पार्बतेनं तुला भाकरी वाढली, अंथरूण घातलं. नळी घरात होती तिथं तू कितीदा उठून गेलास, हे तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, नळी तुझीही होती. मग तू पारावर जाऊन तोंड पाडून बसलास. लोकांनी विचारलं तर म्हणालास, “काही नाही.” पुन्हा विचारलं तेव्हा पुंजाराम पाटलाला बाजूला घेऊन सांगितलंस, “पारा पडून राहिला. दिवाळीच्या गारांच्या वक्तापरीस बी जास्त. जानरावनं जायच्या आंधीच पाह्यलं होतं. पन मले म्हने, गावाले सांगू नको, लोकं घाबरतीन.”

खुशाल, हे शेवटचं वाक्य तू किती विचार करून घडवलं असशील! नुसतं ‘पाणी येणार’ म्हणाला असतास तर मी परत आल्यावर एका शब्दात ते खोटं ठरलं असतं. पण ‘जानरावनं सांगू नको म्हटलं’ असं एकदा पेरलं की मी जितकं नाकारीन तितकं ते खरं ठरणार, हे तुला माहीत होतं. मला तुझ्याइतकं ओळखणारं दुसरं होतंच कोण?

त्या वेळी वेचणी नुकती सुरू झाली होती. सारी वावरं पांढरी झाली होती, चार दिवसांत वेचून होणारी नव्हती. आणि बरोबर त्याच वेळी तुझ्या पेढीचा माणूस मारुतीच्या देवळात येऊन बसला, उभा कापूस घ्यायला तयार. लोकांनी पडेल त्या भावानं आंगठे लावले. माझ्या वच्छलेनंही लावला. विधवा बाई, दोन लेकरं. भावाच्या नळीवर विश्वास ठेवणार नाही तर कोणावर ठेवील?

मी जत्रेहून परतलो तेव्हा आभाळ धुतल्यासारखं होतं. पारा जिथं सोडून गेलो होतो त्याच्याही वर होता. पाटलाच्या वावरात पेढीचे मजूर वेचणी करत होते. मला वाटलं, पाटील आजारी पडला असेल. मग वच्छला दिसली. म्हणाली, “दादा, मले तरी खरं सांगाचं होतं. तुह्या नावावर इकला म्या.” मला काही समजेना. समजलं तेव्हा तू गावातून निघून गेला होतास.

पाणी आलं नाही. थेंबसुद्धा नाही. महिन्याभरात अमरावतीच्या बाजारात भाव आणखी चढला. आपल्या गावचा कापूस गाड्या भरभरून गेला आणि माझ्या घरचा मात्र माझ्याच घरात होता, कारण मी गावात नव्हतो म्हणून पार्बतेनं आंगठा लावला नव्हता. लोकांना आणखी कोणता पुरावा हवा होता? जानरावाला ठाऊक होतं पाणी येणार नाही, खुशाललाही त्यानंच फसवलं. पेढीशी त्याची वाटणी आहे. कोणीतरी पावसाच्या भांड्यात शेण भरलं. पार्बतेला विहिरीवर कोणी दोर देईना. मी घरोघर गेलो. सांगितलं, मी असं काही बोललोच नाही. पाटील खाली पाहत म्हणाला, “त्यानं सांगतलंच होतं, तुमी कबूल करनार नाही.”

मग मी अकोल्याला आलो. मनात एकच आशा होती की तू म्हणशील, ‘जान्या, मी पारा चुकून पाहिला.’ चूक असती तर मी ती माझ्या अंगावर घेतली असती, देवाशपथ. तू गादीवर लोडाला टेकून बसला होतास. कानात नवी भिकबाळी. मला पाहून उठला नाहीस. पाणी विचारलं नाहीस. म्हणालास, “तुहं काय गेलं? तुहा कापूस त तुह्याच घरी हाय.” मी उभाच होतो. तू मुनिमाशी बोलायला लागलास. मी बाहेर आलो, तिथं आगगाडीसाठी मातीचा बांध घालणारे मजूर होते, त्यांच्यात बसून राहिलो. एकानं विचारलं, बावा, कोणी मेलं का? मी हो म्हटलं.

ते सारं तुझ्या आईमुळे उलगडलं. तुझ्या घरच्या वावरातला कापूस विकला गेला नव्हता, पण म्हातारीच्या वावराकडे कोणी पाहिलंच नव्हतं. तू गोदामायला म्हणाला होतास, “माय, तू आंगठा लावू नको.” तिला वाटलं, लेक आपली काळजी घेतो आहे. गावात काय बोललं जातं ते तिच्यापर्यंत येत नव्हतं, कारण तुझ्या आईसमोर तुझ्या दोस्ताची निंदा कोण करणार? मग पुसात एकदा विहिरीवर बाया पार्बतेला टोचून बोलत होत्या, ते तिनं ऐकलं. घागर तिथंच ठेवून ती काठी टेकत पारावर गेली. आयुष्यात कधी माणसांच्या बैठकीत उभी न राहिलेली बाई. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, “पानी येनार होतं, त माह्यं एकटीचं वावर का घोंगडीखाली झाकलं होतं? माह्या पोट्ट्यानं मले सांगतलं, तू इकू नको. तुमाले सांगतलं, इका. आता कोन लबाड ते तुमीच पाहा.” आणि खाली बसली. उठता येईना. मीच तिला हात धरून घरी नेलं.

त्यानंतर लोक माझ्याकडे आले. माफी कोणी मागितली नाही, तशी आपल्याकडे रीत नाही. पाटील वानोळा म्हणून गव्हाच्या ओंब्या ठेवून गेला. वच्छलेनं शेणानं माखलेलं भांडं राखेनं घासून लख्ख केलं आणि ते करताना रडली. पण खुशाल, त्या दिवसापासून मला एकानंही विचारलं नाही, ‘काय म्हन्ते तुमची नळी?’ मी खोटा नाही हे त्यांना पटलं आहे. तरी आभाळाबद्दल पुन्हा कोणाच्या शब्दावर विसंबायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं आहे. तू नेलेला कापूस पुढल्या वर्षी पुन्हा फुटेल. हे पुन्हा फुटणार नाही.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. गोदामायला न्यायला तू तीनदा गाडी धाडलीस, तीनदा ती रिकामी गेली. शेवटच्या खेपेला तू पाठवलेलं लुगडं तिनं गाडीवानाच्या बायकोला देऊन टाकलं. आज सकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, “जानराव, त्याले लिव, तुही माय मेली. म्हंजे गाडी धाडनं बंद करीन.” मी बोरू घेऊन बसलो. ती समोर भिंतीला टेकून बसली होती. तिनं हळूच विचारलं, “हे वाचून तो रडन का रे?” मी बोरू दौतीत बुडवला. पण तिनं सांगितलेलं लिहिता आलं नाही; न घडलेलं घडलं म्हणून सांगणं काय असतं, ते या घरानं पाहिलं आहे. तेव्हा खरं ते लिहितो. तुझी आई जिवंत आहे. डावा गुडघा दुखतो, जेवण कमी झालं आहे. गाडी धाडू नकोस. यायचं असेल तर स्वतः ये, आणि घरी जाण्याआधी पारावर थांब. तिथं तुला जे बोलायचं आहे ते बोल. मग तुझ्या आईचं दार उघडं असेल असं मला वाटतं. माझ्या दारात येऊ नकोस.

एकेकाळी तुझाच होतो तो,
जानराव